शाळांवर संकट आलं की जिल्हा शिक्षण विभागाने या चुका टाळाव्यात

सुट्टीचं एखादं सरकारी पत्र उघडून बघा. वर तीन संदर्भ, मग 'उपरोक्त विषयान्वये', मग 'याद्वारे कळविण्यात येते की', आणि तिसऱ्या परिच्छेदात कुठेतरी तारीख. फाईलसाठी हे पत्र चोख आहे. पण पहाटे सहाला एका हाताने डबा भरत दुसऱ्या हाताने फोन बघणाऱ्या आईला त्यातून काहीच कळत नाही. ती शेजारणीला विचारते, शेजारीण ग्रुपवर विचारते, आणि तिथे कुणीतरी गेल्या वर्षीचं पत्र टाकतं. पुढचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

पत्र म्हणजे निरोप नव्हे

पत्र निघू द्या, पण सोबत पाच ओळींचा निरोप वेगळा लिहा. उदाहरणार्थ: 'मंगळवार, २२ जुलै २०२५. अमुक आणि तमुक तालुक्यांत अंगणवाडी ते बारावी, सर्व माध्यमं आणि सर्व व्यवस्थापनांच्या शाळांना सुट्टी. इतर तालुक्यांत शाळा नेहमीप्रमाणे. शिक्षकांनी शाळेत हजर राहायचं आहे. बुधवारबद्दलचा निरोप मंगळवारी रात्री ८ वाजता.'

तारखेसोबत वार आणि वर्ष दोन्ही हवेत, कारण जुनं पत्र पुन्हा फिरतं तेव्हा वाचणाऱ्याला फरक तिथेच दिसतो. शिक्षकांनी यायचं की नाही, ही ओळ हमखास राहून जाते आणि मग गटशिक्षणाधिकाऱ्यांचा फोन तासभर थांबत नाही. अतिवृष्टीची सुट्टी सहसा जिल्हाधिकारी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जाहीर करतात. त्यामुळे शिक्षण विभागाने वेगळ्या शब्दांत वेगळा आदेश काढू नये. दोन कागदांत एका तालुक्याचा जरी फरक पडला, तरी लोक दोन्हींवरचा विश्वास सोडतात.

वेळेचं गणित सोपं आहे. सकाळच्या सत्राची शाळा ७ ला भरते आणि बस त्याच्या पाऊण तास आधी निघते. म्हणून निर्णय आदल्या रात्री ९ पर्यंत, फार तर पहाटे साडेपाचपर्यंत कळायला हवा. त्यानंतर जाहीर करायची वेळ आली, तर 'सुट्टी' एवढा शब्द पुरत नाही. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर झाली, तेव्हा सकाळच्या सत्राची मुलं शाळेत होती. अशा वेळी निरोपाची पहिली ओळ शाळेत पोहोचलेल्या मुलांबद्दल हवी: पालक न्यायला येईपर्यंत मूल शाळेतच राहील, फाटकातून एकट्याला सोडलं जाणार नाही.

साखळीच्या भरवशावर राहणं

शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, मग पालक. प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटं धरली, तरी तासाभराहून जास्त वेळ जातो. शिवाय प्रत्येक जण निरोपाला आपली शेपटी जोडतो. मूळ निरोप जिल्ह्यातून थेट सगळ्या मुख्याध्यापकांना पाठवा आणि साखळी फक्त पोच घेण्यासाठी वापरा. केंद्रप्रमुखाने अंगठ्याचं चिन्ह न पाठवता आकडा पाठवावा: १२ पैकी ११ शाळांची पोच आली, एक बाकी, तिथे रेंज नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी इथे दगा देते. एका यादीत २५६ च नंबर बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला निरोप जातच नाही. पाठवणाऱ्याला वाटतं, काम झालं. त्यापेक्षा फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील असा ग्रुप बरा. साधा फोन असणाऱ्यांसाठी एसएमएस लागतो, पण घाऊक एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. पूर आल्यावर ते होत नाही. सुट्टी, शाळा लवकर सोडणे आणि दुरुस्ती, असे तीन मजकूर मे महिन्यातच मंजूर करून ठेवा.

नंबर कुणाचा, हाही प्रश्न आहेच. बीडमधले ऊसतोड कामगार हंगामात पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यांवर असतात. हजेरीपटावर नंबर वडिलांचा, फोन त्यांच्या खिशात, आणि मूल गावात आजीजवळ. मूल आत्ता ज्याच्या घरी झोपतं त्याचा नंबर दुसऱ्या रकान्यात हवा. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या दुर्गम भागात तर लेखी मराठीपेक्षा तिथल्याच शिक्षकाच्या आवाजात भिली, पावरी, गोंडी किंवा माडियातला चाळीस सेकंदांचा ध्वनिनिरोप जास्त कामाचा.

विषबाधेत आधीच कारण सांगून टाकणं

पोषण आहारानंतर मुलांना उलट्या सुरू झाल्या की अर्ध्या तासात 'पाल पडली होती म्हणे' सुरू होतं. कार्यालयही घाईत 'प्रकार किरकोळ आहे' म्हणून मोकळं होतं. दोन्ही अंदाजच. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणाने २३ मुलं दगावली, आणि तेलात कीटकनाशक होतं हे प्रयोगशाळेच्या तपासणीतून स्पष्ट झालं. पहिल्या तासात कारण सांगू नका. सांगायचं ते हे: जेवण किती वाजता आणि कोणतं दिलं, नमुने तपासणीला पाठवले का, मुलं कोणत्या दवाखान्यात आहेत. सगळ्यात महत्त्वाचं घरी पोहोचलेल्या मुलांबद्दल: उलटी, जुलाब, पोटदुखी, गरगरणं यापैकी काहीही दिसलं तर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या किंवा १०८ ला फोन करा.

आकडे फक्त वैद्यकीय अधिकाऱ्याचे घ्या आणि शेजारी वेळ लिहा. 'दुपारी ३: तपासलेली ६४, दाखल ९, घरी सोडलेली ५५' असं लिहिलं की संध्याकाळी आकडा बदलला तरी कुणी लपवाछपवी म्हणत नाही. नुसतं '९ मुलं' असं म्हटलंत आणि पालकांनी दवाखान्यात ६४ मोजली, की पुढचे आठ दिवस तुम्ही खुलासेच करत बसाल.

लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत शाळेची अब्रू सांभाळणं

इथली चूक सगळ्यात महाग पडते. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती पोलिसांना द्यावीच लागते. 'आधी अंतर्गत चौकशी करू' असा पर्याय त्यात नाही, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या तक्रारीनंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्या संतापात गुन्हा नोंदवायला झालेल्या दिरंगाईचा मोठा भाग होता.

कलम २३ मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर, म्हणजे ओळख पटेल असं काहीही माध्यमांतून उघड करायला मनाई करतं. म्हणून एफआयआरची प्रत, वर्गाची तुकडी किंवा 'अमुक वाडीतली मुलगी' असा उल्लेख कार्यालयाच्या ग्रुपवरही टाकू नये. त्या शाळेच्या पालकांना प्रत्यक्ष बोलवा, शाळा व्यवस्थापन समितीला सोबत घ्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पोलिसांना कधी कळवलं, संबंधित माणसाला कामावरून दूर केलं का, उद्यापासून मुलांसोबत कोण असेल, हे सांगा. 'शाळेची बदनामी' हे शब्द त्या बैठकीत तोंडातून निघता कामा नयेत.

बिघडलंच तर

खोटं पत्र फिरतंय: त्याचा फोटो जसाच्या तसा टाकून 'हे खोटं आहे' असं खाली लिहू नका, कारण खालची ओळ कापून तो पुन्हा फिरतो. फोटोवरच आडवं, ठळक 'खोटं' उमटवा आणि मगच पाठवा.

चुकीचा निरोप गेला: नुसता डिलीट करून भागत नाही, तो पुढे गेलेला असतो. वर 'दुरुस्ती' लिहून नवा निरोप पाठवा, आणि आधीच्यातली नेमकी कोणती ओळ चुकली ते सांगा.

नवीन काही कळलेलं नाही: तरीही कबूल केलेल्या वेळेला निरोप जायलाच हवा. 'रात्रीचे ८. तपासणी अहवाल अजून आलेला नाही. पुढचा निरोप उद्या सकाळी १० वाजता.' एवढं पुरतं.

पोच येत नाही: जूनच्या पहिल्या आठवड्यात चाचणी म्हणून एक निरोप पाठवा आणि तासाभराने पोच मोजा. उरलेल्या शाळांची नावं वेगळी काढा, आणि प्रत्येकीसमोर ग्रामपंचायतीचा भोंगा कुणाच्या ताब्यात आहे त्या माणसाचा फोन नंबर लिहून ठेवा.