संभाव्यता दिली आहे, झेड शोधायचा आहे

झेड म्हणजे एखादा आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलनं (पसरणीचं माप) दूर आहे ते. झेड दिला की प्रसामान्य वितरणाच्या, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राच्या, टेबलावरून वक्राखालचं क्षेत्रफळ, म्हणजेच संभाव्यता, काढणं बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती उलट प्रश्नाला. तिथे टेबलच्या कडेला छापलेल्या झेडांत नाही, पोटातल्या क्षेत्रफळांत शोधायचं असतं. ०.९० दिसलं की बोट सवयीने कडेच्या ०.९ वर जातं आणि हाती ०.८१५९ येतं. नेहमीची चूक हीच.

आधी टेबल कोणतं आहे ते ओळखा. शून्य झेडसमोर ०.५००० छापलं असेल तर क्षेत्रफळ डाव्या टोकापासूनचं आहे. ०.०००० असेल तर शून्यापासूनचं. मग डावीकडच्या क्षेत्रफळातून ०.५ वजा करून शोधायचं. पुढचे आकडे पहिल्या प्रकारचे आहेत.

समजा, उजवीकडचे १० टक्के वेगळे काढायचे आहेत. डावीकडे ०.९० उरलं. टेबलात १.२८ ला ०.८९९७ आहे, १.२९ ला ०.९०१५. पहिलं जवळचं, म्हणून कटऑफ, म्हणजे जिथे रेघ मारायची तो झेड, १.२८. डावीकडे ०.९५ हवं असेल तर ते ०.९४९५ आणि ०.९५०५ यांच्या बरोबर मधे पडतं, म्हणून १.६४५.

‘मधले ९० टक्के’ म्हटल्यावर १.२८ लिहू नका. उरलेले १० टक्के दोन्ही शेपटांत पाच-पाच वाटले जातात. उत्तर उणे १.६४५ ते १.६४५. पट्टा एका बाजूला सरकलेला असेल तर ही वाटणी चालत नाही. उणे ०.५ पासून कटऑफपर्यंत ०.६० हवं असेल, तर उणे ०.५ च्या डावीकडचं ०.३०८५ त्यात मिळवा. ०.९०८५ झालं, जवळचा झेड १.३३.

चिन्ह चुकू नये म्हणून वक्राची आकृती काढाच, कितीही घाई असली तरी. उजवीकडे ०.८० हवं असेल तर रंगवलेला भाग निम्म्याहून मोठा आहे, म्हणजे रेघ शून्याच्या डावीकडेच पडणार: उणे ०.८४.

शेवटी झेडला प्रमाण विचलनाने गुणून त्यात सरासरी मिळवा. परीक्षेत सरासरी ५२ गुण, प्रमाण विचलन १२ असेल तर वरच्या १० टक्क्यांचा कटऑफ ५२ + १.२८ × १२, म्हणजे ६७.३६. पूर्ण गुणांत लावायचा तर ६८ घ्या. नेहमीसारखं जवळच्या अंकाला, ६७ ला आणलंत, तर झेड १.२५ होतो आणि रेघेच्या वर १०.५६ टक्के येतात.