अळिवाचे लाडू आणि सोलकढी: दोन नारळांत घरचं व्हिगन सुपरफूड

भाची व्हिगन झाली तेव्हा घरात सगळ्यांना एकच काळजी, हिला आता गोड काय द्यायचं, कारण आमच्याकडे गोड म्हणजे दूध, तूप नाहीतर खवा. तिने स्वतः चिया सीड्सची महागडी पाकिटं, कसलीकसली पावडर, बदामाचं दूध असं बरंच आणून ठेवलं होतं. आणि फडताळात वरच्या डब्यात अळीव पडलेले होते, तिच्या आईच्या बाळंतपणापासून आमच्या घरात कायम असतात ते. अळीव, ओला नारळ, गूळ. यात दूध नाही, तूप नाही, हा लाडू मुळातच व्हिगन आहे, फक्त त्याला तसं कोणी म्हणत नव्हतं.

तेव्हापासून दर थंडीत मी हे लाडू किमान सात-आठ वेळा करते, आणि त्याच नारळाच्या खेपेत सोलकढीही होते, म्हणून दोन्ही एकत्र सांगते. दोन चांगले जड नारळ घ्या, हलवून बघा, आत पाणी वाजलं पाहिजे. एक लाडवांना, एक सोलकढीला.

लाडवांचं साहित्य

पाव वाटी अळीव, एक वाटी नारळाचं पाणी, दोन वाट्या खवलेला ओला नारळ (दाबून भरू नका), पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ, अर्धं जायफळ किसून, चार-पाच वेलदोड्यांची पूड, चिमूटभर मीठ. सगळीकडे वाटी एकच धरा. मध्यम आकाराचे बारा-तेरा लाडू होतात. नारळ फोडताना पाणी भांड्यात धरा, एका नारळाचं कमी निघालं तर दुसऱ्याचं घाला, तरी कमी पडलं तर साधं पाणी.

तूप यादीत नाही, ते विसरून राहिलेलं नाही. "शेवटी दोन चमचे साजूक तूप" असं बऱ्याच रेसिपींत असतं आणि त्याची काहीही गरज नसते, ओला नारळ आटताना स्वतःचं तेल सोडतो, लाडू वळताना तुमच्या तळहाताला ते लागेलच. काही व्हिगन रेसिपींमध्ये तुपाऐवजी महागडं नारळाचं बटर घाला म्हणतात, तेही नको.

गूळ मात्र नीट बघून घ्या. चिक्कीचा गूळ अजिबात नाही! तो कडक होण्यासाठीच असतो आणि लाडूही तसेच करतो. साधा, नखाने दाबला तर दबणारा, काळपट गूळ घ्या. मधही नको, व्हिगन लोक मध खात नाहीत आणि या लाडवात तो आळतही नाही.

भिजवणं

अळीव ताटात पसरून निवडा, त्यात बारीक खडे असतात आणि एक खडा दाताखाली आला की तो लाडू कोणी पुढे खात नाही. निवडून झाले की थेट नारळाच्या पाण्यात. धुवायचे नाहीत, पाणी लागताक्षणी बुळबुळीत होतात, मग ना चाळणीतून निथळत ना हातातून सुटत. भाजून भिजवा असं काही जण सांगतात, मी करून पाहिलं, कडवट लागले, परत केलं नाही.

दोन ते तीन तास पुरतात. मधे एकदा चमच्याने हलवा कारण तळाशी गठ्ठा होतो आणि आतले दाणे कोरडेच राहतात. झालेत की नाही ते बघायला एक दाणा बोटावर घ्या. विटकरी दाणा आणि त्याच्याभोवती पारदर्शक जेलीचं कडं दिसलं पाहिजे, सब्जासारखं, पण जास्त दाट. बोटांत दाबला आणि आतून कडक लागला तर अजून अर्धा तास ठेवा. अर्धवट भिजलेले अळीव लाडवात कचकच लागतात आणि ती कचकच शिजवून जात नाही.

चिया आणि अळीव अदलाबदल करता येतात असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. दोन्ही फुगतात एवढंच खरं. अळीव मोहरीच्या कुळातले, त्यांना स्वतःचा झणका असतो, म्हणून तर गूळ आणि जायफळ हवं. चियाला चव नाही, त्याचे लाडू नुसते गोड होतात.

आटवणं, इथेच सगळं ठरतं

आता जिथे माझे स्वतःचे लाडू दोन-तीन वर्षं बिघडत होते त्या पायरीवर येऊ. भिजलेले अळीव, नारळ, गूळ, मीठ, सगळं जाड बुडाच्या कढईत एकत्र करा, अर्धा तास तसंच झाकून ठेवा म्हणजे गूळ आपोआप विरघळतो, आणि मग गॅस मध्यमपेक्षा थोडा कमी. इथपर्यंत कोणालाही जमतं. प्रश्न एकच, बंद कधी करायचं.

बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं "मिश्रण पूर्ण कोरडं होईपर्यंत परता". हा सल्ला मी पाळला होता. बहिणीच्या मुलीच्या बाळंतपणासाठी तीन नारळांचे लाडू करत होते, कढईत मिश्रण अगदी कोरडं, सुटंसुटं होईपर्यंत पंचवीस-तीस मिनिटं परतत बसले, गरम असताना लाडूही सुरेख वळले गेले, दिसायला एकसारखे. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला तर दगड. ती बाळंतीण, बसायला त्रास होत होता, भूक लागलेली, आणि तिला तो लाडू दाताने तुटेना. मला अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं, कारण मी तिच्यासाठी दिवसभर उभी राहून ते केले होते आणि तिला एकही नीट खाता आला नाही.

कारण नंतर कळलं. कढईत पाणी आहे तोवर गूळ पातळ असतो, पाणी उडालं की त्याचा पाक पुढे जातो, आणि गरम असताना तो पाक मऊच दिसतो, खरा कडकपणा गार झाल्यावर बाहेर येतो. म्हणजे कढईत तुम्हाला जेवढं घट्ट दिसतंय त्याच्यापेक्षा लाडू बराच घट्ट होणार आहे. कढईत "झालं" वाटलं म्हणजे उशीर झाला.

मग बघायचं काय? पहिली दहा मिनिटं मिश्रण फदफदतं, वर बुडबुडे फुटतात, चटके उडतात, तेव्हा उलथणं लांब दांड्याचं घ्या. साधारण बाराव्या-पंधराव्या मिनिटाला आवाज बदलतो, फदफद थांबते आणि बारीक चुरचुर सुरू होते. इथून हात थांबवायचा नाही. उलथणं कढईच्या मधोमध तळाला टेकवून ओढा: मागे जी वाट पडते ती लगेच भरून आली तर अजून पाणी आहे, दोन-तीन सेकंद तळ दिसत राहिला आणि मग मिश्रण आळसावल्यासारखं परत आलं तर वेळ जवळ आलीये. आणि वाट तशीच राहिली, मिश्रण परत आलंच नाही, तर ताबडतोब गॅस बंद, एक सेकंदही जास्त नाही.

पण डोळ्यांवर एकट्यावर विसंबू नका, बशीची परीक्षा करा. गॅस बारीक करून अर्धा चमचा मिश्रण स्टीलच्या बशीत टाका, दोन मिनिटं गार होऊ द्या, पूर्ण दोन मिनिटं, घाई करून कोमट असताना वळून बघितलं तर ती परीक्षा काही कामाची नाही. गोळी वळली, बोटाला थोडी ओलसर लागली पण चिकटून राहिली नाही, दाबल्यावर चपटी झाली पण कडेला चिरली नाही, म्हणजे बरोबर. बोटाला चिकटून लोंबतेय तर अजून तीन मिनिटं. चिरली तर पुढे गेलात.

आता दुसरी बाजू, कारण दगडाच्या भीतीने नंतर मी उलटी चूक केली. लवकर उतरवलं. लाडू मऊसूत, खायला फार छान, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंबूस वास. ओल्या नारळातलं पाणी राहिलं तर ते टिकत नाही, कितीही गूळ असू दे. म्हणून पाणी जास्त घालूनही भिजवू नका, दीड-दोन वाट्या पाणी घातलं तर ते उडवायला तुम्हाला इतका वेळ आच द्यावी लागते की नारळ तपकिरी पडतो आणि गुळाला करपट वास येतो. एक वाटी म्हणजे एकच वाटी.

मोठ्या आचेवर पटकन आटवणं, मायक्रोवेव्ह, नॉनस्टिकमध्ये झाकण ठेवून शिजवणं, हे सगळे शॉर्टकट मी मनापासून नको म्हणते. झाकणाची वाफ परत आत पडते आणि मिश्रण आटायचंच राहतं.

पुढे गेलेच तर फेकू नका. कडक लाडू खलबत्त्यात फोडा, कढईत घ्या, पाच-सहा लाडवांना दोन-तीन चमचे नारळाचं दूध शिंपडा, मंद आचेवर झाकून दोन मिनिटं, मग हलवून परत वळा. पहिल्यासारखे होत नाहीत पण खाता येतात. त्या दिवशी हे माहीत असतं तर!

गॅस बंद केल्यावर जायफळ-वेलची घाला, आधी घातली तर वास उडून जातो. कोमट असताना ओल्या हाताने वळा.

ताज्या नारळाचे आहेत, तेव्हा बाहेर एक दिवस, फ्रीजमध्ये आठवडाभर. खाताना पाच मिनिटं आधी काढून ठेवा.

आणि रोज एक, फार तर दोन. अळिवात लोह भरपूर आहे म्हणून बाळंतिणीला देतात, पण वनस्पतीतलं लोह शरीरात शोषलं जायला सी व्हिटॅमिनची मदत लागते, म्हणून लाडवाबरोबर आवळा, पेरू नाहीतर संत्रं खा, आणि लाडू खाऊन लगेच चहा पिऊ नका, चहाने ते शोषण कमी होतं. गरोदरपणात अळीव देत नाहीत, हे जुन्या बायका सांगतात ते पाळा, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून खा. गूळही शेवटी साखरच, डायबिटीस असलेल्यांनी "हेल्दी आहे" म्हणून चार-चार खाऊ नयेत. भाचीला मी हेही सांगितलं की सुपरफूड म्हटलं तरी बी-१२ यातून मिळत नाही, ते वेगळं घ्यावंच लागतं.

सोलकढी

ही सोपी आहे. दहा-बारा आमसुलं पाऊण वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा, पिळून घ्या. भांडं काचेचं किंवा स्टीलचं, ॲल्युमिनियम नको, आमसुलाची आंबटाई त्याला लागते. कोकणातलं आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, मिळालं तर दोन-तीन चमचे पुरतात, पण त्यात मीठ असतं, वरून मीठ घालताना चाखून घाला.

दुसरा नारळ खवून दीड वाटी कोमट पाणी, दोन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची घालून वाटा आणि कपड्यातून पिळा. चोथ्यात परत एक वाटी कोमट पाणी घालून दुसरं दूध काढा. पाणी कोमटच का, तर खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, थंडीच्या दिवसांत गार पाण्याने वाटलंत तर दुधावर पांढरे कण तरंगतात आणि पिताना तोंडाला मेणासारखे लागतात. उकळतं पाणीही नको. मिक्सरही सलग तीन-चार मिनिटं फिरवू नका, थांबून थांबून फिरवा, नाहीतर लोणी सुटल्यासारखं होतं.

दोन्ही दुधं आणि कोकमाचं पाणी एकत्र करा, मीठ, कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड. रंग फिकट गुलाबी आला पाहिजे, तयार पाकिटातल्या सोलकढीसारखा भडक नव्हे, त्या रंगाला भुलून कोकम वाढवू नका, नारळाची चव मरते. गॅसवर ठेवायची नाही, फुटते. फ्रीजमध्ये ठेवली की साय वर येते, ती बिघडलेली नाही, ढवळून प्या.

उरलेल्या चोथ्याबद्दल एक सांगते, कारण हा मोह मला दरवेळी होतो: तो लाडवात घालू नका. त्यातलं तेल दुधात निघून गेलेलं असतं, लाडू भुसभुशीत होतात आणि वळतच नाहीत. थालीपिठाच्या पिठात घाला, किंवा भाजून लसणीच्या कोरड्या चटणीत.

सोलकढी त्याच दिवशी संपवा. फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, त्यानंतर लसणाचा वास चढतो आणि नारळाचं दूध आंबायला लागतं.