बीएफएमला ट्रेडिंग शिकवतात का?

बारावीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी मावसभावाचा फोन. "दादा, मीपण तुझ्यासारखं बीएफएम घेतो. ट्रेडिंग शिकवतात ना तिथे?" मी नाही म्हणालो, आणि मग तासभर बोलत बसलो.

बीएफएम म्हणजे मुंबई विद्यापीठाची फायनान्शियल मार्केट्समधली पदवी. मी २०१७ साली प्रवेश घेतला तेव्हा डोक्यात लाल-हिरवे चार्ट होते. पहिलं वर्ष गेलं अकाउंट्स, गणित आणि संख्याशास्त्रात. बॅलन्सशीट जुळवताना वाटायचं, यासाठीच का कल्याणहून लोकलला लोंबकळत येतो?

मग दुसऱ्या वर्षी स्वतःच शहाणपणा केला. डीमॅट उघडलं आणि बँक निफ्टीचे (बँकांच्या शेअरच्या निर्देशांकाचे) साप्ताहिक ऑप्शन, म्हणजे निर्देशांक वर जाईल की खाली यावरचे आठवड्याच्या मुदतीचे करार, घ्यायला लागलो. तेव्हा एक्स्पायरी, म्हणजे त्यांची मुदत संपण्याचा दिवस, गुरुवारी असायची. तीन गुरुवारांत नऊ हजार गेले, तेही फीसाठी बाजूला ठेवलेले. गंमत म्हणजे तिसऱ्या वेळी माझा अंदाज बरोबर होता. निर्देशांक वर गेला, तरी माझ्या कॉलचा (वर जाण्यावर लावलेल्या ऑप्शनचा) प्रीमियम, म्हणजे त्याची किंमत, उतरला. हे कसं, हे काही केल्या कळेना. वर्षभराने डेरिव्हेटिव्ह्जच्या (फ्युचर्स-ऑप्शनच्या) तासाला सरांनी फळ्यावर 'थीटा' लिहिलं. एक्स्पायरी जवळ येते तसा प्रीमियममधला वेळेचा भाग रोज झिजतो, आणि वर जाण्याचा वेग त्या झिजेपेक्षा कमी पडला तर अंदाज बरोबर असूनही पैसे जातात. वर्गात बहुतेक जण जांभया देत होते. मी तेवढा ताठ बसलो होतो.

कंटाळवाण्या अकाउंट्सचंही तेच झालं. एका कंपनीचा नफा तीन वर्षं वाढत होता, म्हणून मी शेअर घ्यायला निघालो होतो. मॅडम म्हणाल्या, कॅश फ्लो बघ. नफा कागदावर होता, रोख येतच नव्हती. माल उधारीवर जात होता आणि येणी विक्रीपेक्षा वेगाने फुगत होती. हे चार्टवर दिसत नाही. निदान वेळेत तरी नाही.

पहिली नोकरी ब्रोकरकडे, आरएमएस (जोखीम सांभाळणाऱ्या) डेस्कवर. म्हणजे ग्राहकांचं मार्जिन (सौद्यासाठी ठेवलेली अनामत) कमी पडतंय का ते बघायचं, आणि वेळ झाली की त्यांचे इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी मिटवायचे, सौदे कापायचे. आमच्याकडे ही वेळ ३:२०. फोनवर शिव्या खायच्या. "दहा मिनिटं थांबला असतात तर!" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. पण नवख्यासाठी यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामकाच्या) सप्टेंबर २०२४च्या अहवालात आलं की तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमधल्या (फ्युचर्स-ऑप्शनमधल्या) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरनी पैसे गमावले, सरासरी सुमारे दोन लाख. डेस्कवरच्या कोणालाही नवल वाटलं नाही.

भावाला मी एक हिशेब घातला. लाखाचे शेअर सकाळी घेतले आणि दुपारी त्याच भावाला विकले. ब्रोकरेज वीस-वीस रुपये, विक्रीवर एसटीटी (शेअर सौद्यावरचा कर) ०.०२५ टक्के, खरेदीवर मुद्रांक शुल्क ०.००३ टक्के, एक्स्चेंजचे दोन्ही बाजूंचे मिळून सहाएक रुपये, वर जीएसटी. किती गेले ते सांग, आणि असे दिवसाला दहा सौदे, महिन्याचे वीस दिवस केले तर काय, तेही सांग. काँट्रॅक्ट नोटवर, म्हणजे ब्रोकर पाठवतो त्या सौद्यांच्या बिलावर, हे सगळं छापलेलं असतं. पण पाठवलेला पीडीएफ उघडतो कोण?

पदवीच्या जोडीला एनआयएसएमची परीक्षा मात्र लवकर द्या. ही सेबीची संस्था. इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जची सिरीज आठ ब्रोकरकडच्या डीलरला लागतेच: १०० प्रश्न, दोन तास, ६० गुणांना पास, चुकीला पाव गुण वजा. रिसर्चमध्ये जायचं असेल तर सिरीज पंधरा. दोन्हींची फी 'लाइव्ह मार्केट' दाखवणाऱ्या क्लासच्या फीपुढे किरकोळ आहे. आणि तसल्या क्लासबद्दल एकच सांगतो: नुसतं शिक्षण देणाऱ्याला मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरता येणार नाहीत, असं सेबीने जानेवारी २०२५मध्ये स्पष्ट केलं होतं. कोणी आज काय घ्यायचं ते सांगत असेल, तर आधी त्याचा सेबीकडचा नोंदणी क्रमांक मागा.

कॉलेज निवडताना मी प्लेसमेंटच्या फलकापेक्षा अकाउंट्स कोण शिकवतं ते विचारेन. हे माझं मत. माझे अर्धे वर्गमित्र हसतील. त्यातले बरेचसे आज फंड अकाउंटिंगमध्ये आहेत, दोघे म्युच्युअल फंड वितरक. पूर्णवेळ ट्रेडिंग करणारा एक आहे. त्याची बायको बँकेत आहे, हे तो स्वतःच आधी सांगतो.

भावाने शेवटी प्रवेश घेतला. परवा रात्री त्याचा मेसेज आला: "एका सौद्याचे ७४ रुपये, महिन्याचे १४,८००. लाखाच्या भांडवलावर! बरोबर ना?" नव्हतं. जीएसटी विसरला होता. ८२ होतात, आणि महिन्याचे १६,४००.