ड्युअल एनरोलमेंटचे कोर्स अर्जात भरताना या चुका टाळा

दर नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती ओळखीतली बारावीतली (सीनियर) मुलं लॅपटॉप घेऊन बसतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा (यूसीचा) अर्ज 1 ऑगस्टला उघडतो, पण यांना जाग येते थँक्सगिव्हिंगला. मग हायस्कूलमध्ये असतानाच घेतलेले कम्युनिटी कॉलेजचे कोर्स (हेच ड्युअल एनरोलमेंट) आठवेल तसे भरले जातात. "काकू, बहुधा बी ग्रेड होता." बहुधा म्हणजे काय? ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कोर्स आणि ग्रेडची नोंद, काढ आणि मग बोल.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे कोर्स गाळणं. यूसीच्या अर्जासोबत ट्रान्सक्रिप्ट जोडायची नसते, मार्क आपले आपणच भरायचे असतात. त्यामुळे मुलांना वाटतं, कोण बघतंय! आमच्या ओळखीतल्या एका मुलाने दहावीनंतरच्या सुट्टीत कॉलेजात स्टॅटिस्टिक्स घेतलं आणि त्यात डी, म्हणजे जेमतेम पासचा ग्रेड, मिळाला. हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर तो कोर्स नव्हताच, म्हणून त्याने अर्जातही घातला नाही. मार्चमध्ये प्रवेश मिळाला, पेढे वाटले गेले. पण प्रवेश घेतल्यावर, आधी जिथे जिथे शिकलात त्या प्रत्येक संस्थेची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट 1 जुलैपर्यंत पाठवावी लागते. ती पोचली, डी दिसला आणि खुलासा मागणारं पत्र आलं. त्याच्या आईने कॉलेजात फोन केला, तर तिथे तिच्याशी कोणी बोलेना. 1974 च्या फेर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याप्रमाणे कॉलेजात नाव घातलं की नोंदींवरचा हक्क मुलाकडे जातो, मग तो सोळाचा का असेना. शेवटी त्यानेच सगळं खरं लिहून कळवलं. प्रवेश वाचला, पण ते तीन आठवडे त्या घरात कोणाला धड झोप नव्हती. त्या एका डीने त्याचा अर्ज बुडाला नसता, लपवल्यामुळे मात्र बुडायची वेळ आली. तेव्हापासून मी डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याची खूण) असला तरी लिहायला लावते.

माझी पद्धत साधी आहे. कॉलेजच्या पोर्टलवरून अनधिकृत ट्रान्सक्रिप्ट कागदावर छापायची. पट्टी ठेवून एकेक ओळ अर्जात उतरवायची आणि उतरवलेल्या ओळीवर पेन्सिलीने टिक करायची. तासभर लागतो. ज्यांना हा तास जड वाटतो, त्यांना मी शेजारी बसवून घेत नाही.

दुसरी चूक दुबार नोंदीची. हायस्कूलशी करार असलेल्या ड्युअल एनरोलमेंटचा कोर्स दोन्ही ट्रान्सक्रिप्टवर येतो, म्हणून मुलं तो दोन्हीकडे भरतात. एकच कॅल्क्युलस दोन वर्षांचं गणित होऊन बसतं. यूसीच्या अर्जात कॉलेजचा कोर्स कॉलेजच्या नावाखाली एकदाच लिहायचा. कॉमन अ‍ॅपमध्येही (अनेक कॉलेजांसाठीचा एकच अर्ज) शिक्षणाच्या विभागात कॉलेजांसाठी वेगळी जागा आहे, ती रिकामी सोडू नका.

युनिट (कोर्सचं वजन) बघून भरा. क्युपर्टिनोचं डी अँझा कॉलेज क्वार्टरवर, म्हणजे छोट्या सत्रांवर चालतं, सांता क्लाराचं मिशन कॉलेज सेमिस्टरवर, म्हणजे लांब सत्रांवर. यूसी 3 सेमिस्टर युनिट किंवा 4 क्वार्टर युनिटचा एक कोर्स हायस्कूलच्या वर्षभराइतका धरते. त्यामुळे "अर्धंच वर्ष झालं" म्हणून घाबरून भलतेच कोर्स जोडू नका.

कोर्सचं नाव आणि नंबर छापलाय तसाच लिहा, स्वतः बारसं करू नका.

यूसीच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) जादा गुण मिळेल असं गृहीत धरण्याआधी कोर्स यूसीला ट्रान्स्फर होतो का, म्हणजे यूसी तो धरते का, ते असिस्ट या कॅलिफोर्नियातल्या कोर्स-ट्रान्स्फरच्या साइटवर बघा.

हायस्कूलमध्ये असताना कितीही कॉलेज युनिट घेतली, तरी तुम्ही फ्रेशमनच, म्हणजे पहिल्या वर्षासाठी अर्ज करणारे. कॉलेज बदलणाऱ्यांसाठीच्या 'ट्रान्स्फर'वर क्लिक करू नका.

पुढच्या सत्रासाठी लिहिलेला कोर्स नंतर सोडला किंवा बदलला, तर युनिव्हर्सिटीला त्याच आठवड्यात कळवा. आणि ते मुलाने स्वतः कळवायचं, आईबाबांनी नाही.