पोरीच्या मानेला दोन्हीकडं कातडीचा पडदा आहे? ऑपरेशनच्या आधी एवढं करा

माझ्या भाचीला जन्मापासून कानामागून खांद्यापर्यंत दोन्हीकडं ताणलेली कातडी होती, वेणी घालताना मागचे केस पार खाली उतरलेले दिसायचे, आणि घरात सगळे म्हणायचे मोठी झाली की जाईल. जात नाही ओ ते. पोटात असताना मानेत लिम्फचं (शरीरातल्या पेशींभोवतालच्या पातळ द्रवाचं) पाणी साचतं, नंतर पाणी ओसरतं पण ताणलेली कातडी तशीच राहते. जन्मतः पावलं सुजलेली होती का हे आईला आठवून विचारा, डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

मुलगी असेल तर पहिली टेस्ट कॅरियोटाइप, म्हणजे क्रोमोसोम मोजायची, साधं रक्तच काढतात. दोनऐवजी एकच एक्स क्रोमोसोम निघाला, किंवा दुसरा अर्धवट असला, तर टर्नर सिंड्रोम, साधारण २००० ते २५०० मुलींमागं एकीला असतो. मुलगा असेल किंवा रिपोर्ट नॉर्मल आला तर नूनन सिंड्रोमचं विचारा, हा जीनमधल्या बदलामुळं मुलगा-मुलगी दोघांनाही होतो.

मग हार्टचा टूडी इको, हे अजिबात टाळू नका. टर्नरमध्ये महाधमनी अरुंद असू शकते म्हणून बीपी हाताचं आणि पायाचं दोन्ही बघायला सांगा. किडनीची सोनोग्राफी, थायरॉइड, कानाची तपासणी पण करा. नूननमध्ये काहींचं रक्त लवकर थांबत नाही, ती टेस्ट सर्जरीआधीच पाहिजे. मानेचे मणके एकमेकांना चिकटलेले असले तर भूल देताना नळी घालायला अवघड जातं, म्हणून मानेचा एक्सरे.

आपल्या सिव्हिलला आधी बालरोग ओपीडीत दाखवा, अंगणवाडीत आरबीएसकेची (मुलांची तपासणी करणारी सरकारी योजना) टीम येते त्यांनाही मान दाखवा.

सर्जरी प्लास्टिक सर्जन करतात. झेड-प्लास्टीत कातडी झेडसारखी कापून तिकोनी तुकडे अदलाबदल करतात आणि आतला घट्ट पट्टा काढतात, मानेला आकार छान येतो पण व्रण बाजूला दिसतो आणि केसाळ कातडी पुढं येऊ शकते. दुसऱ्या पद्धतीत मागून जादा कातडी काढून बाकीची मागं ओढतात, व्रण केसाखाली झाकतो, पण पडदा थोडा परत येऊ शकतो. माझ्या मते दोन्ही पद्धतीचे फोटो मागून बघा, आणि खांदा उचलणारी नस कशी वाचवणार हे पण विचाराच, लाजू नका.

टर्नरच्या पोरींना व्रण जाड व्हायची भीती सांगतात, त्यामुळं टाके निघाले की सर्जन सांगतील तशी सिलिकॉन जेल लावा आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात मान सुती ओढणीनं झाकूनच बाहेर न्या. उंचीच्या ग्रोथ हार्मोनसाठी मात्र एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरला) लगेच भेटा, मानेच्या ऑपरेशनपर्यंत थांबू नका.