इलेक्ट्रिक स्केटबोर्डची बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही? या चुका टाळा

माझ्या भाच्याचा बोर्ड बारावीच्या परीक्षेपायी चार महिने कॉटखाली पडून होता. परीक्षा संपली, बोर्ड बाहेर निघाला, चार्जिंगला लागला आणि तासाभरात चार्जरचा दिवा हिरवा झाला. रिमोटवर मात्र ८६ टक्के. पुन्हा लावला, पुन्हा हिरवा, पुन्हा ८६. विकणाऱ्याला फोन केला तर त्याने चार्जर बदलायला सांगितलं. नवा चार्जर आला, अडीच हजार रुपये गेले, आकडा ८६ वरच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बॅटरीत नेमकं काय चाललंय हे तोवर कोणी मोजलंच नव्हतं.

पहिली चूक: हिरव्या दिव्यावर विश्वास

एक साधा प्रयोग करा. चार्जर नुसता भिंतीतल्या सॉकेटला लावा, बोर्डाला जोडू नका. बहुतेक चार्जरचा दिवा तेव्हाही हिरवाच असतो. म्हणजे त्याला बॅटरीचं काहीच कळत नाही. आपल्यातून करंट जवळजवळ जात नाहीये, एवढंच तो सांगतो. बॅटरी भरली की करंट थांबतो. बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने, म्हणजे बीएमएसने, मध्येच दार लावलं तरी थांबतो. पिन सैल असली किंवा आतला फ्यूज उडाला, तरीही थांबतो. दिवा प्रत्येक वेळी हिरवा.

बाजारातल्या पुष्कळ बोर्डांत ३६ व्होल्टची बॅटरी असते. १८ मिलिमीटर जाडीच्या, ६५ मिलिमीटर लांबीच्या १८६५० सेलचे दहा गट सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले, आणि प्रत्येक गटात दोन किंवा जास्त सेल पॅरललमध्ये, म्हणजे शेजारीशेजारी. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला भरतो, म्हणून दहा गटांची भरलेली बॅटरी ४२ व्होल्ट. बारा गटांची असेल तर ५०.४. तुमची कुठली आहे ते लेबलवर वाचून घ्या, कारण पुढचं सगळं त्या आकड्यावर अवलंबून आहे.

आता पंगत डोळ्यांसमोर आणा. चार्जर हा वाढपी आणि दहा गट पानावर बसलेले. पण या पंगतीत एकाला सोडून दुसऱ्याला वाढता येत नाही. वाढलं तर सगळ्यांना सारखंच. त्यामुळे एकाने जरी पानावर आडवा हात धरला तरी वाढप्याला मागे फिरावं लागतं, बाकीचे नऊ अर्धपोटी का असेनात. हा आडवा हात बीएमएस धरतं. कोणताही एक गट साधारण ४.२५ व्होल्टला पोचला की चार्जिंग बंद. त्यापुढे गेलं तर सेल बिघडतो, पेट घेऊ शकतो. म्हणून ते बंद होणं हे बॅटरीचं दुखणं नसून तिचा शहाणपणा आहे.

बोर्ड बराच काळ पडून राहिला की गटांमध्ये फरक पडत जातो. बीएमएस स्वतःसाठीही थोडी वीज घेत असतं, काही सेल आपणहून जरा जास्त उतरतात. चार महिन्यांत तेवढं पुरतं.

न मोजताच खर्च करणं

साधा मल्टिमीटर घ्या आणि डीसी २०० व्होल्टवर ठेवा. आधी चार्जर तपासा: बोर्डाला न जोडता त्याच्या प्लगमधला आतला आणि बाहेरचा भाग मोजा. ४२ व्होल्टच्या चार्जरने ४२ च्या अगदी जवळचा आकडा दाखवायला हवा. ४१.२ दाखवत असेल तर बॅटरी तिथेच अडकणार, आणि तेव्हा चार्जर बदलणं योग्य. आकडा बरोबर असेल तर चार्जरला बोल लावू नका. बोर्डाच्या चार्जिंग पोर्टवरचा आकडा मात्र फसवा असतो. काही बीएमएस त्या बाजूला कमी व्होल्टेज दाखवतात, काही शून्य. तेवढ्यावरून बॅटरी गेली असं समजू नका.

पोर्टमध्ये टॉर्च मारून बघाच. आपल्याकडे पावसाळ्यात रबरी झाकण नीट न बसवल्याने आत पाणी जातं आणि पिनवर हिरवट-पांढरा थर धरतो. अशा पोर्टाला चार्जर लावू नये. पिन साफ झाली तरी पाणी आतपर्यंत गेलंय का, ते उघडून बघावं लागतं.

बॅटरीचं झाकण उघडायचं की नाही, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. हाताला सवय नसेल तर ई-बाइकच्या बॅटऱ्या बांधणाऱ्याकडे जा. मोठ्या शहरांत असे कारागीर आता सापडतात. उघडणार असाल तर अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवा. दहा गटांच्या बॅटरीतून बीएमएसकडे अकरा बारीक तारा जातात. शेजारशेजारच्या दोन तारांमध्ये मोजलं की एका गटाचा आकडा मिळतो. मीटरचं टोक घसरून दोन पिना एकमेकींना चिकटल्या तर ठिणगी उडते, म्हणून टोकाला शेवटचे दोन मिलिमीटर सोडून चिकटपट्टी गुंडाळा.

आम्ही मोजलं. सातवा गट, चार्जिंग थांबल्यावर जरा उतरून, ४.२१. तिसरा ४.०१. बाकीचे आठ ४.०५ च्या आसपास. बेरीज ४०.६ व्होल्ट. म्हणजे भरलेल्या ४२ पेक्षा कमी. रिमोट टक्के व्होल्टेजवरूनच ठरवतो, त्यामुळे ८६ कुठून आले ते कागदावर दिसलं.

दिवा हिरवा होताच प्लग काढणं

बहुतेक बीएमएस गट समान करायला जास्त भरलेल्या गटाची थोडी थोडी वीज छोट्या रेझिस्टरमधून जाळून टाकतं. याचा वेग फारच कमी असतो, अनेकदा ५० मिलिअँपिअरच्या आसपास. ५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत एक गट १५ टक्के पुढे असेल तर ७५० मिलिअँपिअर-तास जाळायचे; म्हणजे पंधरा तास. दिवा हिरवा झाल्याबरोबर प्लग काढण्याची सवय असेल तर हे काम कधी होतच नाही, आणि फरक दर आठवड्याला वाढत जातो.

म्हणून महिन्यातून एकदा हिरव्या दिव्यानंतरही दोन-तीन तास चार्जर लावून ठेवा. पण रात्री लावून झोपू नका. हे मी कळकळीने सांगतो आहे. घरात कोणी जागं असताना, फरशीवर, पडदे आणि गादीपासून लांब. आणि फ्लॅटच्या दारात, चपलांच्या स्टँडशेजारी तर नकोच. बोर्ड ठेवायची जागा बहुतेकांची तीच असते, पण काही पेटलं तर बाहेर पडायची वाटही तीच.

गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावणं

चढ चढून आलेला बोर्ड खालून हात लावून बघा. अनेक बीएमएस तापमान मोजतात आणि जास्त झालं की चार्जिंग नाकारतात. लिथियम-आयन सेलसाठी चार्जिंगची सर्वसाधारण मर्यादा ० ते ४५ अंश सेल्सिअस आहे. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेला बोर्ड ही मर्यादा एक किलोमीटरही न चालता ओलांडतो. घरात सावलीत तासभर राहू द्या. उलट युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांनी हिवाळ्यात गॅरेजमधला गारठलेला बोर्ड आधी खोलीत येऊ द्यावा. शून्याखाली चार्ज केल्यास सेलच्या आत लिथियमचा थर साचतो आणि क्षमता कायमची जाते.

याच्याशी जोडून एक गोष्ट: घर टेकडीवर असेल तर बॅटरी काठोकाठ भरून उतार उतरू नका. ब्रेक लावताना मोटर वीज बॅटरीकडे परत पाठवते. तिथे जागाच नसेल तर ऐन उतारावर ब्रेक सुटू शकतो. अशा घरात ९० टक्क्यांवर थांबणंच बरं.

बीएमएस बायपास करणं

सगळ्यात घातक चूक ही. चार्जिंग थांबतंय ना, मग चार्जर थेट बॅटरीच्या मुख्य तारांना जोडा, असा जुगाड हमखास कोणीतरी सुचवतं. असं केलं की आडवा हात धरणारं कोणी उरत नाही. आमच्या बाबतीत सातवा गट बाकीचे भरेपर्यंत ४.२ च्या कितीतरी वर गेला असता. बारा गटांचा ५०.४ व्होल्टचा चार्जर दहा गटांच्या बॅटरीला लावणंही तितकंच वाईट. लेड-ॲसिड बॅटरीचा ३६ व्होल्टचा चार्जर ४२ च्या वर जातो, तोही नको. प्लग बसतो म्हणून चार्जर चालतो, असं कधीच नसतं. आणि महिनोन् महिने पडून एखादा गट २ व्होल्टच्या खाली गेला असेल तर त्याला हळूहळू भरून जिवंत करू नका. आतलं तांबं विरघळून पुढे शॉर्ट होण्याचा धोका असतो.

फुगलेला सेल, गोडसर रसायनाचा वास, चार्जिंग करताना एकाच जागी गरम लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर मोजमाप वगैरे राहू द्या. प्लग काढा आणि बोर्ड घराबाहेर, मोकळ्या जागी न्या.

भाच्याच्या बोर्डावर आम्ही चार संध्याकाळी बसलो, रोज तीन-चार तास, मीटर शेजारी ठेवून. ४०.६ चे ४०.९ झाले, मग ४१.३, चौथ्या दिवशी ४१.७. सातवा गट बाकीच्यांच्या रांगेत आला. मग बोर्ड न चालवता पंधरा दिवस ठेवून पुन्हा मोजलं. नऊ गट ४.१७ च्या आसपास, तिसरा ४.०६. म्हणजे दोष सातव्यात नव्हताच; तिसरा आपणहून उतरतोय आणि तो पुन्हा उतरणार. त्याचे दोन्ही सेल बदलायचे ठरलं आहे, तेही इतरांच्या क्षमतेशी जुळणारे, आणि सोल्डर न करता स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे क्षणभराच्या मोठ्या करंटने पट्टी सेलला जोडून. सोल्डरिंगची उष्णता सेलला सोसत नाही. तोवर बोर्ड ६० टक्क्यांवर, सावलीत ठेवलाय.