स्त्री-मताधिकारावर लिहिताय? या चुका टाळा

8 मार्च जवळ आला की शाळा-कॉलेजांची हस्तलिखितं आणि भाषणांचे कागद माझ्याकडे तपासायला येतात. त्यात एक वाक्य हटकून असतं: ‘1921 साली स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला.’

कुठल्या स्त्रियांना? कुठल्या गावच्या?

सावंतवाडीच्या एका प्रदर्शनासाठी मुलांनी रात्र जागून फलक रंगवला होता: ‘1921 : आमच्या पणज्यांना मताचा हक्क.’ तो तपासून मीच पुढे दिला होता. उद्घाटनाला आलेले एक निवृत्त गुरुजी त्याच्यासमोर थांबले. म्हणाले, “बाई, तेव्हा वाडीत राज्य कोणाचं होतं?” सावंतवाडी संस्थान होतं. मुंबई कायदेमंडळाचा 1921 चा ठराव तिथे लागूच नव्हता. जंजिऱ्याचंही तेच. रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होते, तर गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे. शिवाय इलाख्यातही हक्क मिळाला तो नावावर पुरेशी मालमत्ता असलेल्या मोजक्या बायकांना. मुलांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, म्हणून ती चूक मला आजही टोचते. आता मी आधी गावाचं नाव लिहिते, मग सत्ता कोणाची ते, आणि साल शेवटी.

‘मिळाला’ हा शब्दही मी खोडते. डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडू शिष्टमंडळ घेऊन मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटल्या. 1919 साली हिराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन लंडनला गेल्या. तरी ब्रिटिश पार्लमेंटने निर्णय प्रांतांवर सोडला. मग मुंबईत पुन्हा सभा, पुन्हा अर्ज, आणि त्यात रमाबाई रानडे पुढे. एवढी माणसं झिजली, आणि मोबाइलवरून उतरवलेल्या परिच्छेदात त्यांचं नावही नसतं. घाई असेल तर विषय लहान घ्या, माणसं गाळू नका.

‘इंग्लंडमध्ये 1918 ला सगळ्यांना’ हेही चूक. तेव्हा तिशीपुढच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्याच. पुरुषांच्या बरोबरीने 1928 साली. स्वित्झर्लंडमध्ये देशाच्या निवडणुकीतलं मत 1971 ला आलं.

मत देण्याचा हक्क आणि निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क एकत्र करू नका.

आता माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीआधी सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गेली, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. त्यांनी ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगितलं होतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन स्वतःच्या नावाच्या अटीवर ठाम राहिले. ते कठोर वाटतं, पण मला पटतं. ब्रिटिशांच्या 1935 च्या कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मत दिलं होतं. आता ती स्वतः मतदार होती.

आणि आपण आजही मुलाखतीच्या वहीत ‘पाटलांची आजी’ लिहितो! मालवणजवळच्या एका वाडीत मी एका आजींना नाव विचारलं, तर म्हणाल्या, “घोवाचा घाल.” म्हणजे नवऱ्याचं लिही. मी पेन खाली ठेवलं आणि चहा घेतला. पहिल्या मतदानाला त्या कोणाबरोबर चालत गेल्या, होडी कुठे लागली, सगळं ऐकलं. निघताना पुन्हा विचारलं. त्यांनी आधी माहेरचं नाव सांगितलं, मग सासरचं. वहीत दोन्ही लिहिली आणि त्यांना वाचून दाखवली.